झिंकच्या गोळ्यांआधी मटकी भिजवा

ताई, घरात एकामागून एक सर्दी-ताप सुरू झाला की आधी मेडिकलमधून झिंकची बाटली येते. तिथेच चुकतं. झिंक लागतंच; विषाणूंशी लढणाऱ्या टी-पेशी त्याच्याशिवाय नीट तयार होत नाहीत. पण मोठ्या माणसाने रोज 40 मिलिग्रॅमच्या वर महिनोन्महिने घेतलं, तर शरीरात तांबं कमी पडतं आणि उलट पांढऱ्या पेशीच घटू शकतात.

सुरुवात मटकीपासून करा, आपल्या नाशिकच्या मिसळीतली तीच. रात्रभर भिजवा, ओल्या फडक्यात घट्ट बांधा, अर्ध्या पेराएवढे मोड येऊ द्या. मोड येताना फायटेट, म्हणजे कडधान्यातला झिंक-लोह अडवून धरणारा घटक, घटतो, म्हणून झिंक आणि लोह जास्त अंगी लागतं. खाताना वरून लिंबू पिळाच. पेठ-सुरगाण्याकडची नागलीही (नाचणी) अशीच मोड आणून, वाळवून दळा.

नवखे आणखी दोन ठिकाणी हमखास चुकतात:

- जेवणावर लगेच चहा. लोह नीट शोषलं जात नाही. तासभर थांबा.
- ताप असताना मनानेच लोहाच्या गोळ्या सुरू करणं. संसर्गात शरीर लोह मुद्दाम दडवून ठेवतं, जंतूंच्या हाती लागू नये म्हणून. आधी डॉक्टरांना विचारा.

सेलेनियम या आणखी एका खनिजाचं आत्ता डोक्यात घेऊ नका. महिनाभर एवढं जमवा, जमेलच तुम्हाला. मग फेरिटिनचा, म्हणजे अंगातला लोहाचा साठा दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगते.