अंदाज चुकल्यावर काय होते?

प्रश्न : वैज्ञानिकही अंदाजच बांधतात, मग छद्मविज्ञानातला (विज्ञानाचा नुसता आव आणणारा) दावा वेगळा कसा ओळखावा?

उत्तर : अंदाज बांधण्यात गैर काहीच नाही, तो चुकल्यावर काय केले जाते, ते पाहावे. युरेनसच्या कक्षेतील विचलनांवरून फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लव्हेरिए यांनी एका अज्ञात ग्रहाचे स्थान गणिताने वर्तवले आणि १८४६ मध्ये बर्लिनच्या वेधशाळेत गाले यांना नेपच्यून तेथून जेमतेम एका अंशावर सापडला. बुधाच्या कक्षेतील तफावतीसाठी त्याच लव्हेरिए यांनी पुढे ‘व्हल्कन’ हा ग्रह सुचवला. त्याचे खात्रीशीर निरीक्षण मात्र कधीच झाले नाही, आणि शतकाला अवघ्या ४३ विकलांची (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) ती तफावत १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांच्या व्यापक सापेक्षता सिद्धांताने उलगडल्यावर, लव्हेरिए यांचा दबदबा मोठा असूनही, व्हल्कन बाद झाला. छद्मविज्ञानाने तो कदाचित ‘अदृश्य’ ठरवून वाचवला असता.