वन्संची गोळी कसली होती?

प्रश्न : माझा एकवीस वर्षांचा मुलगा दिवाळीपासून उदास आहे, खोलीबाहेर पडत नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी दहा दिवसांपूर्वी उदासीवरची गोळी सुरू केली. घराण्यात कुणाला मनाचा आजार होता का, असं त्यांनी दोनदा विचारलं. ह्यांनी ठाम 'नाही' सांगितलं. आता अपमान झाला, डॉक्टर बदला, म्हणतात. आमच्या वन्सं जरा तापट होत्या, कसलीशी गोळी घ्यायच्या, दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, उन्हाळ्यात पाणी कमी पडू द्यायचं नाही, एवढंच. असलं काही न विचारणारे डॉक्टर सुचवाल का?
– एक आई, लष्कर, ग्वाल्हेर

ताई, असा डॉक्टर सापडलाच तर मुलाला त्याच्याकडे नेऊ नका.

'एवढंच' म्हणून वन्संना उरकलंत! नुसत्या तापटपणासाठी कुणी वर्षानुवर्षं गोळी देऊन रक्त तपासत बसत नाही. लिथियम नावाचं औषध आहे. ते रक्तात किती उतरलंय हे मोजत राहावं लागतं, आणि तुमच्या ग्वाल्हेरच्या मे महिन्यात अंगातलं पाणी आटलं तर त्याची पातळी धोक्याइतकी चढू शकते. ते मुख्यतः बायपोलर आजारावर देतात : कधी खोल उदासी, कधी झोपेवाचून उधाण. वन्संची गोळी तीच, असं मी इथे बसून सांगू शकत नाही. पण वर्णन फारच जुळतंय.

हा आजार घराण्यात उतरू शकतो (बहुतेक भाचरांना काहीही होत नाही, घाबरू नका) आणि तरुण वयात पुष्कळदा आधी उदासी म्हणूनच दिसतो. अशा वेळी नुसती उदासीवरची गोळी दिली, तर काही जण उलट्या टोकाला जातात. डॉक्टरांनी दोनदा विचारलं ते यासाठी. शिवाय आत्याला लिथियम लागू पडलं असेल, तर भाच्यासाठी ती कामाची खूण आहे.

ह्यांच्या अपमानाचं मला काही वाटत नाही. आणि तुम्हीही शेजारी बसून गप्पच राहिलात. बोभाट्याची भीती असेल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने डॉक्टरांवर गुप्ततेचं बंधन आहे.

उद्या सकाळी, ह्यांना न विचारता, त्याच डॉक्टरांना फोन करा. वन्संची जुनी चिठ्ठी मिळाली तर उत्तम. नाहीतर मला लिहिलंत तेवढंच सांगा. मुलाची गोळी मनाने बंद करू नका. आणि दोन-तीन तास झोपूनही तो टवटवीत दिसायला, भराभर बोलायला लागला, तर पोरगा सुधारला म्हणून पेढे वाटत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.