कमी बजेटचे ब्रिटिश स्वतंत्र चित्रपट प्रेक्षकांना एवढे का आवडतात?

प्रश्न ऐकून मला आधी 'बेट' (Bait, म्हणजे आमिष; 2019) आठवला. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधलं मच्छीमारांचं गाव. मार्टिनकडे होडी नाही, कारण वडिलांची होडी भाऊ पर्यटकांना फिरवायला वापरतो. राहतं घर लंडनकरांनी विकत घेऊन सुट्टीचं घर केलंय. गोष्ट एवढीच.

पण दिग्दर्शक मार्क जेनकिननं ती चावीच्या जुन्या बोलेक्स कॅमेऱ्यावर, 16 मिमी कृष्णधवल फिल्मवर टिपली. एकदा चावी दिली की जेमतेम अर्धा मिनिट कॅमेरा चालतो, म्हणजे लांबलचक शॉटचा प्रश्नच मिटला! फिल्म त्यानं स्वतःच्या हातानं धुतली, त्यामुळे पडद्यावर ओरखडे आणि डाग दिसतात. आवाज सगळा नंतर भरलेला. म्हणून दोरखंड, जाळी, हात यांचे तुटक क्लोजअप येत राहतात आणि भांडण पेटायच्या आधीच आपल्याला अस्वस्थ व्हायला होतं. पैशाची चणचणच इथे शैली झाली. 2020 मध्ये त्याला पदार्पणाचा बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला.

दुसरं कारण म्हणजे माणसं. 'फिश टँक'ची (2009) नायिका केटी जार्विस टिलबरी स्टेशनवर बॉयफ्रेंडशी भांडताना निवड करणाऱ्यांच्या नजरेस पडली. अभिनयाचा अनुभव शून्य. तिचा राग खरा वाटतो तो उगाच नाही.

कथा संथ असते, उच्चार अवघड असतात, हे मान्य. सबटायटल्स लावा, मीही लावतो. सुरुवात मात्र 'बेट'पासूनच करा, जमल्यास अंधारात आणि हेडफोन लावून.