निमोनियाने भरती असलेल्या म्हाताऱ्या माणसाला उठवून बसवावं का?

तुमच्या आबाजींना यवतमाळला भरती केलंय, फिजिओथेरपीवाल्या ताई रोज उठवून बसवतात आणि गावाहून भेटायला आलेले म्हणतात, "पडू द्या ना बुढ्याले, कायले तरास देता?" ताईंचंच ऐका.

उताणं पडून राहिलं की फुफ्फुसाचा खालचा भाग नीट फुगत नाही. शिवाय या वयात आठवडाभर खाटेवर गेला तरी मांड्यांतली ताकद झपाट्याने जाते. निमोनिया बरा होतो, पण माणसाला संडासापर्यंतही आधार लागतो. म्हणूनच तब्येत साथ देत असेल तर पहिल्या २४ तासांतच निदान २० मिनिटं खाटेवरून उतरवून बसवावं, असं ब्रिटिश थोरॅसिक सोसायटी या फुफ्फुसाच्या आजारांवरच्या तज्ज्ञांच्या संस्थेच्या २००९ च्या सूचना सांगतात. पुढे रोज थोडं थोडं वाढवायचं.

पाठ थोपटून कफ काढणं मात्र साध्या निमोनियात सरसकट लागत नाही. घरच्यांनी स्वतःहून पाठ बडवू नका.

उठवताना ऑक्सिजन सुरूच ठेवा. आधी पाय खाली सोडून थोडं बसू द्या, मग उभं करा. पायात सैल स्लीपर नको. चक्कर आली, छातीत दुखलं किंवा धाप वाढली तर थांबा आणि लगेच सिस्टरला बोलवा. सुट्टी होण्याआधी घरी करायचे व्यायाम ताईंकडून आबाजींसमोरच शिकून घ्या.