दर १०१ ओळींनी तालुक्याचं नाव का हरवतं?

प्रश्न: मी सोलापुरात एका महाविद्यालयाच्या स्थापत्य विभागात शिकवते. जिल्ह्यातल्या अकराही तालुक्यांचा रोजचा पाऊस फोर्ट्रान या संगणक-भाषेतल्या एका प्रोग्रामनं फाइलमध्ये उतरवते. लिनक्सवर, ८० अक्षरांची ओळ, तालुक्यांची नावं रोमनमध्ये. आधी आकडे छापते, मग फॉरमॅटमधल्या (ओळीची मांडणी सांगणाऱ्या सूचनेतल्या) ‘टी१’नं ओळीच्या सुरुवातीला येऊन नाव टाकते. जूनच्या ३३० ओळींपैकी १०२, २०३ आणि ३०४ या तीनच ओळींत करमाळा, माळशिरस, मोहोळ ही नावं जागेवर नाहीत. सध्या हातानं दुरुस्त करते. माझं काय चुकतंय?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: ताई, तुम्ही ओळींचे नंबर कळवलेत ते फार बरं केलंत, कारण सगळं उत्तर त्यातच आहे. पावसाच्या आकड्यांत चूक असती तर ती बरोबर १०१ ओळींच्या अंतरानं आली नसती.

प्रोग्राम लिहितो ते लगेच डिस्कवर जात नाही, आधी बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, साठतं. ती भरली की सगळं एकदम डिस्कवर जातं. ८१९२ बाइटचा (एका रोमन अक्षराला एक बाइट) बफर सर्रास आढळतो. तुमची ओळ ८० अक्षरं आणि ओळ संपल्याची खूण मिळून ८१ बाइटची. १०१ ओळींचे होतात ८१८१. म्हणजे १०२ व्या ओळीची पहिली ११ अक्षरंच बफरमध्ये मावतात, उरलेली पुढच्या खेपेला. आता ‘टी१’ मागे जायला सांगतो, पण ओळीचं तोंड तोवर डिस्कवर रवाना झालेलं असतं. ओळ पूर्ण होईपर्यंत ती हाताशी राखणं हे कंपायलरसोबत (प्रोग्रामचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरसोबत) येणाऱ्या लायब्ररीचं, म्हणजे तयार कोडच्या संचाचं, काम. तिथंच दोष असावा असं मला वाटतं. तुमचा फॉरमॅट भाषेच्या नियमात बसतो.

खात्री करून घ्या. ओळीच्या शेवटी एक रिकामी जागा वाढवा. ओळ ८२ बाइटची झाली की पहिला बिघाड १०२ वरून १०० व्या ओळीत सरकायला हवा. सरकला, तर शंकाच नको. (नावं देवनागरीत असती तर हा हिशेब इतका सरळ जुळला नसता, यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत आपल्या एकेका चिन्हाला ३ बाइट लागतात.)

उपाय सोपा आहे. अख्खी ओळ आधी एका कॅरेक्टर व्हेरिएबलमध्ये (मजकूर ठेवण्याच्या मेमरीतल्या जागेत) तयार करा आणि मग ती एका राइटनं, म्हणजे लिहिण्याच्या एकाच आज्ञेनं, फाइलमध्ये टाका. मागे जाणं मेमरीतच उरकतं, फाइलच्या बफरशी त्याचा संबंध येत नाही. कंपायलरची नवी आवृत्तीही लावून बघा. तिथंही तसंच झालं, तर पावसाचे आकडे वगळून जेमतेम ११० ओळी छापणारा प्रोग्राम करा आणि आवृत्तीच्या नंबरासह कंपायलर बनवणाऱ्यांना पाठवा. एवढा छोटा नमुना हाती आला की त्यांना दोष शोधणं सोपं जातं.

हातानं दुरुस्ती मात्र आजच थांबवा. वर्षाच्या फाइलमध्ये ४०१५ ओळी होतात, त्यात बफर ओळीच्या मध्येच भरण्याच्या अशा ३९ जागा येतात. जुन्या फाइलींतल्या त्या ओळी आधी तपासा. विद्यार्थ्यांनी तालुकावार सरासऱ्या त्यांच्यावरूनच काढल्या असतील.