जुन्या मशीनला १६ जीबी रॅम घ्यावी का?

तुमच्या मशीनमध्ये इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, डीडीआर३ या जुन्या प्रकारच्या रॅमची ४ जीबीची एकच पट्टी आणि जुनी हार्डडिस्क आहे. टॅली आणि क्रोम एकदम उघडलं की मशीन अडकतं आणि दुकानदार १६ जीबी घ्या म्हणतोय. तुमच्या जागी मी १६ घेणार नाही. आणखी ४ टाकून ८ करा आणि वाचलेले पैसे एसएसडीत, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्कमध्ये घाला. विंडोज ११ला चालणाऱ्या इंटेल प्रोसेसरची अधिकृत यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. म्हणजे आज ना उद्या मशीन बदलावंच लागणार. तेव्हा ही रॅम नव्या बोर्डावर बसणार नाही, साटा (केबलने जोडायची) एसएसडी बसेल.

पण आधी खात्री करा. रोजचं काम चालू ठेवूनच टास्क मॅनेजर उघडा. डिस्क १०० टक्के दिसली म्हणून लगेच हार्डडिस्कला दोष देऊ नका. रॅम भरली की विंडोज तिच्यातला मजकूर डिस्कवर हलवतं, मग डिस्कही धापा टाकते. मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी पडतेय. मेमरी निम्मीच वापरात आणि तरी डिस्क १०० असेल, तर आधी एसएसडी घ्या. रॅमच्या पट्टीचे किती स्लॉट (बसवायच्या जागा) वापरात आहेत तेही तिथेच कळतं. विंडोज ३२ बिट असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम वाया जाते.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाताना जुनी पट्टी सोबत न्या. स्टिकरवर पीसी३-१२८०० असेल तर ती १६०० वेगाची. तशीच दुसरी मागा. दोन सारख्या पट्ट्या ड्युअल चॅनलमध्ये, म्हणजे दोन्ही एकाच वेळी डेटा ने-आण करत चालतात. तुमच्या आय-थ्रीचं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, त्यामुळे तिथे फरक जाणवेल. डीडीआर३ आता बरीचशी वापरलेलीच मिळते, म्हणून काउंटरवरच लावून दाखवायला सांगा आणि बिल घ्या.

बसवताना वायर काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा. खाच जुळवून दोन्ही टोकं सारखी दाबा, क्लिप आपोआप मिटली पाहिजे. आपल्याकडच्या दमट हवेत पट्टीचे सोनेरी पॉइंट काळवंडतात. जुन्या पट्टीचे पॉइंट खोडरबराने हलके पुसा, भुगा झटका. तरीही डिस्प्ले आला नाही तर एकेक पट्टी, एकेक स्लॉट असं लावून बघा. डिस्प्ले आला की रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावून ठेवा. एकही एरर आली तरी पट्टी बदलून घ्या.