वेतनाच्या समीकरणात न दिसणारी माणसं

प्रश्न : एम.ए.च्या प्रबंधासाठी शिक्षणाचा स्त्रियांच्या वेतनावरचा परिणाम मोजतेय. मार्गदर्शक म्हणतात, गुणांक (शिक्षणामुळे वेतन किती बदलतं, तो आकडा) विश्वासार्ह नाही. का?

उत्तर : तुमच्या नमुन्यात फक्त कमावत्या स्त्रिया असणार, गोम तिथेच आहे. बाकीच्यांना किती वेतन मिळालं असतं, हे आकडेवारीत दिसतच नाही; आणि कोण कमावते हे योगायोगानं ठरत नसल्यानं अंदाज एका बाजूला झुकतो. अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन यांची १९७९ची दोन टप्प्यांची पद्धत वापरा. आधी सगळ्या स्त्रियांवर ‘काम करते की नाही’ याचं प्रॉबिट (हो-नाही उत्तराची शक्यता मोजणारं प्रतिमान) चालवा, त्यातून व्यस्त मिल्स गुणोत्तर (या निवडीचा परिणाम टिपणारी संख्या) काढून वेतनाच्या समीकरणात घाला. पहिल्या टप्प्यात असा एक तरी चल (बदलणारा घटक) हवाच, जो कामाचा निर्णय बदलतो पण वेतनाला थेट हात लावत नाही. लहान मुलांची संख्या सर्रास घेतात. पण मुलांमुळे कामातला खंड वाढून वेतनही घटू शकतं, म्हणून तिचं समर्थन नीट लिहा.